चंद्रव्वाचा डावा तळहात

१

बुधवारी सकाळी हुकमाने उचलून आणलेल्या बाईने अद्याप पाण्याचा थेंब घेतलेला नाही, असे काशम्माने मला सांगितले, तेव्हा गुरुवारचे दहा वाजले होते. काशम्मा आमच्या शरणालयाची देखरेख करते. बारा वर्षांत ती माझ्यासमोर घाबरून बोललेली मला ठाऊक नाही. त्या सकाळी मात्र तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा उगाच वाजत होता.

शरणालय माझ्या सासऱ्यांनी बांधले आणि त्यांच्यामागे ते मी चालवले. खाटा चोवीस. सन त्र्याहत्तरचा फाल्गुन होता. पाऊस न पडलेले ते लागोपाठ दुसरे वर्ष. सिद्धेश्वराच्या तळ्याला भेगा पडल्या होत्या आणि पेठापेठांतून पाण्याच्या गाड्यांमागे घागरी धावत होत्या. पटकीच्या भीतीने आरोग्य खात्याने हुकूम काढला होता की, घाणीच्या घरात एकटे व असहाय राहणाऱ्या वृद्धांना राजीखुशीने, आणि तसे न आल्यास उचलून, आसऱ्याच्या जागी हलवावे. ती आसऱ्याची जागा म्हणजे आम्ही.

साहजिकच दुष्काळाने हैराण झालेला जो तो आपली म्हातारी माझ्या दारात आणू लागला. पानाच्या तबकावरून नजर वर न उचलता मी किती जणांना परत धाडले, त्याची मोजदाद नाही. अखेर मी नियम केला आणि तो पाटीवर रंगवून घेतला: सरकारी हुकमाचा कागद असल्याशिवाय प्रवेश नाही. पहिले आठ दिवस नातेवाइकांची भेट नाही, हा दुसरा नियम. नियमावाचून घर चालत नाही, हे मी सासूकडून शिकले होते.

ती बाई, चंद्रव्वा, खाटेवर ताठ बसली होती. वय पंच्याहत्तरीचे, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. आल्यापासून तिने कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता की तोंडातून शब्द काढला नव्हता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते. अंगावरचे लुगडे जुने, पण धुतलेले होते. उजवा हात खाटेची कड धरून होता. डावा मांडीवर, तळहात वर करून, किंचित खोलगट.

डॉक्टर बाहेर उभे होते. "शिरेतून पाणी द्यायला गेलो, तर सुई उपसून फेकली. या वयात, या उन्हाळ्यात... संध्याकाळपर्यंत तोंडाने पाणी गेलं नाही, तर उद्याची सकाळ मी सांगत नाही, बाई."

"वेडी आहे म्हणे," काशम्मा पुटपुटली. "कागदात तसंच लिहिलंय."

मी चंद्रव्वाच्या गळ्यातला दोरा हलकेच वर ओढला. दोऱ्याच्या टोकाला चांदीची करडगी होती. आम्ही लिंगवंत आपले इष्टलिंग जिच्यात ठेवून जन्मभर छातीशी बाळगतो, ती ही डबी. आमच्यात सकाळी लिंगाची पूजा झाल्यावाचून कुणी पाणी घेत नाही. आणि ज्याचे लिंग हरवले त्याने अन्नपाणी व वाचा दोन्ही सोडावी, असा चंद्रव्वाच्या पिढीचा कडक आचार. मठाच्या स्वामींना विचारावे, तर ते अक्कलकोटकडे गेलेले. ते परत येऊन शास्त्र पाहीपर्यंत चंद्रव्वा थांबणार नव्हती.

करडगी उघडी होती. आणि रिकामी.

बारा तोळ्यांची चांदी गळ्यात ठेवून आतले लिंग तेवढे नेणारा चोर मी आजवर ऐकला नव्हता.

२

आरोग्य खात्याचे निरीक्षक वीरभद्रप्पा यांना मी बोलावणे धाडले. माणूस सरळ, कामाने पिचलेला. त्यांनी उभ्या उभ्याच फाइल उघडली.

"मंगळवारी संध्याकाळी शेजारीण नागम्मा हिने तक्रार दिली. बुधवारी सकाळी आठला आम्ही गेलो. दोन खोल्या, दोन्ही घाणीने भरलेल्या. गटाराचा गाळ, कुजलेला भाजीपाला, मेलेली घूस. निदान तीन महिन्यांची घाण असावी, बाई. मी अठरा वर्षं हेच काम करतोय, पण मलाही ओकारी आली."

"आणि ती कुठे होती?"

"मागाच्या खड्ड्यात."

"म्हणजे?"

"विणकराचं घर ना ते. हातमाग विकला गेलाय, पण विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा तसाच आहे. म्हातारी त्यात उतरून बसली होती. माणूस खड्ड्यात जाऊन बसतो, हे काय शुद्धीचं लक्षण झालं? म्हणून तसं लिहिलं. दोघांनी काखेत हात घालून वर काढली."

"तेव्हा काही बोलली?"

"वर काढली तशी किंचाळली. मागं झेपावली. घरदार सुटताना सगळेच तसं करतात. गाडीत बसवली आणि गप्प झाली, ती गप्पच."

"तिच्या हातात काही होते?"

वीरभद्रप्पांनी चष्मा काढून पुसला. "बाई, एका सकाळी आम्ही चार म्हातारी माणसं उचलली. हात कुणाचे बघायचे?"

मी त्यांना माझ्याबरोबर चलायला सांगितले. सुनेने काढलेले आंघोळीचे पाणी तसेच राहिले. माझी स्वतःची स्नान-पूजा व्हायची होती, आणि त्यावाचून मीही पाणी घेतलेले नव्हते. आपल्याला उशीर होतो आहे, एवढेच तेव्हा माझ्या मनात आले.

३

साखर पेठेच्या त्या गल्लीत शिरण्यापूर्वीच वास आला. दारात वीरभद्रप्पांनी नाकाला रुमाल लावला, मी पदर लावला, आणि पायांतल्या वहाणांसकट आम्ही आत गेलो.

घाण होती, यात शंका नव्हती. चुलीच्या कडेने, कोनाड्याखाली, उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत घोटाभर थर. माशा इतक्या, की खोली घुमत होती. उजेड येत होता तो एका झरोक्यातून, आणि त्या उजेडाखाली खोलीच्या मधोमध तो चौकोनी खड्डा.

"अव्वा, तुमी हितं?" मागून आवाज आला. नागम्मा. विड्या वळणारी, चाळिशीची, जिभेला हाड नसलेली बाई. "तुमच्यासारखीनं ह्या नरकात पाय टाकायचा व्हय? थांबा, पाट आणते."

"पाट नको. उत्तरे दे. वास कधीपासून आला?"

"मंगळवारी सांजच्याला."

"त्याआधी?"

"आधी कुटं? आधी आला असता तर मी गप बसले असते व्हय? सगळ्या पेठेला सांगितलं असतं की!"

यावर माझा विश्वास बसला. मी काठीच्या टोकाने भिंतीकडचा गाळ बाजूला सारला. खाली भुई दिसली. शेणाने सारवलेली, कोरडी, कुठे भेग नाही. सारवणाची बोटांची वळणे चंद्रकोरीसारखी एकात एक ताजी उमटलेली होती.

"ही भुई कोणी सारवली?"

"तिनंच. दर सोमवारी सारवती. मीच शेण देते. डोळ्यांनी दिसत न्हाय तर भुई बोटांनी बघती म्हातारी. एक खडा ऱ्हाऊ देत न्हाय. मला म्हणती, 'नागव्वा, तुज्या घरात पाय टाकला की माजा पाय चिकटतो.' मला!"

वीरभद्रप्पा खाली वाकून पाहत राहिले. तीन महिन्यांची घाण तीन दिवसांच्या सारवणावर बसली होती.

"ही घाण तिची नाही," मी म्हणाले. "ही आणून पसरलेली आहे. मंगळवारी."

नागम्मा आठवून आठवून सांगू लागली. मंगळवारी दुपारी चंद्रव्वा मठात पुराण ऐकायला जाते. तिचा भाचा ईरप्पा तिला नेऊन सोडतो. परत नागम्मा आणते. त्या दुपारी नागम्मा वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. तिन्हीसांजेला दोघी आल्या, तर घरात ही कळा. म्हातारी उंबऱ्यातच थबकली. घूस मेली असेल, सकाळी बघू, म्हणाली आणि ओट्यावर निजली. नागम्मा मात्र तडक तक्रार द्यायला गेली.

"तुला कुणी जा म्हणाले?"

"मला कुणी जा म्हणावं लागतं व्हय, अव्वा?"

"एक सांग. या घरात केर टाकायचा असता, तर तू कुठे टाकला असतास?"

"त्यात की," तिने विचार न करता खड्ड्याकडे बोट केले. "मी कवाधरनं म्हणतेय, बुजवून टाक म्हणून. अंधळी बाई, एखाद दिशी पडशील, मरशील. ऐकंल तर खरं!"

मग तिने आवाज खाली आणला. "घरमालकाचा हातगाडा त्या दिशी गल्लीच्या तोंडाला हुबा व्हता, बगा. त्याला गाळाचा वास येत व्हता."

४

घरमालक चनमल्लप्पा यांचे कापडाचे दुकान दोन गल्ल्या पलीकडे. जाडजूड, हसतमुख, बोलता बोलता मांडीवर थाप मारणारे. त्यांना त्या खोल्यांत यंत्रमाग बसवायचे आहेत, हे पेठेत सर्वांना ठाऊक होते. मी त्यांना त्याच घरात बोलावून घेतले. ते बुटांसकट आत आले आणि नाक दाबून उभे राहिले.

"महिन्याभरात घर रिकामे होईल, असे आपण चारचौघांत म्हणाला होता," मी म्हणाले.

"म्हणालो होतो की. म्हातारी किती दिवस जगणार, अव्वा? मी काय देव हाय का राक्षस? थांबलोय सहा वर्षं, आणखी थांबलो असतो."

"आपला हातगाडा मंगळवारी इथे होता."

"तो दुकानाच्या दारात पडलेला असतो. पेठेतला कुणीबी नेतो, कुणीबी आणून टाकतो. इचारतो कोण?" मग माझ्या नजरेचा अर्थ त्यांना कळला असावा. हसू मावळले. "अव्वा, यंत्रमाग बसवायचा तर मला घर साफ पायजे. माज्याच घरात मी गटार कशाला ओतू?"

"केर टाकायचा झाला, तर या घरात कुठे टाकाल?"

"हा काय, तयार खड्डा हाय की. पहिला त्योच भरायचा. नाहीतरी बुजवायचाच हाय."

ईरप्पा सर्वांत शेवटी आला. तिशीचा, वाळलेला, अंगठ्याच्या पेराला मागाच्या धोट्याने पडलेला घट्टा. याला पूर्वी पाहिल्याचे मला स्मरत नव्हते. उंबऱ्याबाहेर त्याने चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या, आणि त्या गाळात अनवाणी पाऊल टाकून तो माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

त्याने मला काही विचारू दिले नाही. "अव्वा, दोड्डव्वा जेवली का?"

दोड्डव्वा म्हणजे आईची थोरली बहीण. मी उत्तर दिले नाही. माझ्यासमोर प्रश्न मी विचारते.

"मंगळवारी दुपारी तिला मठात सोडून तू कुठे गेलास?"

"काम हुडकायला. आमचा यंत्रमागाचा कारखाना बंद हाय. सूत न्हाय, वीज न्हाय. सोमवारी उजनीच्या धरणावर जातोय, बायकापोरांसकट. खडी फोडायला."

"आणि दोड्डव्वा?"

"ती कुटं येती? तंबूत, धोंड्यात, अंधळी बाई. आनि ही भुई सोडंल व्हय ती? हितंच मी माग शिकलो, काकांच्या, तिच्या मालकांच्या, पायाशी. अव्वा, ती जेवली का तेवडं सांगा. काल फाटकाशी गेलो, तर आठ दिस भेट न्हाय म्हणाले."

"नियम आहे तो. इथला केर काढायचा झाला, तर कुठे टाकशील?"

"गाडीत घालून गावाभाईर न्यायचा, अव्वा. लांब."

मी त्याला जायला सांगितले. तिघांची उत्तरे मी मनात एकाखाली एक लावून पाहिली. त्यांतून काहीच उभे राहिले नाही. घरी परतले, तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि फाटकात काशम्माने धाडलेली मोलकरीण उभी होती.

"अव्वा, बाई आडवी पडली. हाक मारली तर डोळा उघडत न्हाय. हात तेवढा तसाच हाय, उघडा."

५

अशा वेळी माणसाने काय करावे, हे मला माझ्या सासूने शिकवले होते: आधी आपला नेम पुरा करावा, नेमाविना डोके चालत नाही. मी स्नान केले. सुनेने देवघरापुढची भुई ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाली, "जागा पुसलीय, आई. बसा."

मी बसले. भस्म लावले. करडगी उघडली, लिंग काढले, डाव्या तळहातावर घेतले आणि उजव्या हाताने पाणी घालू लागले.

पाणी माझ्या तळहातात साठले, आणि मी थांबले.

माझा हात मांडीवर होता. तळहात वर. किंचित खोलगट.

चंद्रव्वाचे लिंग कुणी चोरलेच नव्हते. बुधवारी सकाळी आठ वाजता ती पूजेत होती. करडगी तिने स्वतःच उघडली होती. लिंग तिच्या तळहातावर होते. दोघांनी काखेत हात घालून तिला वर उचलले, तेव्हा ते निसटले. म्हणून ती किंचाळली, म्हणून मागे झेपावली. ज्याला तिचे वेड म्हटले, ती तिची पूजा होती.

आणि पूजेला ती बसली कुठे? सुनेचे शब्द अजून कानात होते. जागा पुसल्याशिवाय कुणी लिंग तळहातावर घेत नाही. त्या अंधळ्या बाईने पहाटे ओट्यावरून उठून घरभर बोटांनी भुई चाचपली असणार, आणि घोटाभर घाणीत तिला एकच स्वच्छ जागा सापडली असणार.

मी त्या खोलीत तासभर उभी होते. गाळ चुलीत होता, कोनाड्यात होता, उंबऱ्यावर होता. जिथे नागम्माने केर टाकला असता, चनमल्लप्पांनी टाकला असता, मीही टाकला असता, त्या उघड्या खड्ड्यात मात्र एक काडी नव्हती.

पूजा पुरी करून, पाण्याचा एक घोट घेऊन मी उठले. 

६

चार वाजता मी चौघांना पुन्हा त्या खोलीत उभे केले. नागम्मा दाराशी, चनमल्लप्पा रुमाल धरून, वीरभद्रप्पा फाइल घेऊन. ईरप्पा अनवाणी.

"चंद्रव्वाचे लिंग हरवले आहे," मी म्हणाले. "कालपासून तिने पाणी घेतलेले नाही. आता ती डोळे उघडत नाही. डॉक्टर उद्याची सकाळ सांगत नाहीत."

नागम्माने तोंडावर हात मारला. चनमल्लप्पा "शिव शिव" म्हणाले. ईरप्पा त्या गाळातच बसला.

"अव्वा," तो म्हणाला, "हुडकायचं कुटं?"

"ते तुला ठाऊक आहे. तिला पूजेला बसता येईल अशी जागा या घरात कोणी राखून ठेवली होती?"

तो उठला, खड्ड्याच्या कडेला गेला, कडेला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत उतरला. माग चालवताना पायाखालच्या पावड्या खाली-वर होतात, त्यांच्यासाठी तळाशी एक खाच असते. त्या खाचेत त्याने कोपरापर्यंत हात घातला.

हात बाहेर आला, तेव्हा ओंजळीत काळेशार, सुपारीएवढे लिंग होते.

"म्हणजे..." वीरभद्रप्पांनी फाइल मिटली. "पण घाण कोणी टाकली?"

"जो या खोलीत वहाणा घालून येऊ शकला नाही, त्याने," मी म्हणाले. "आज सकाळी आपण सर्व पायांतले न काढता आत आलो. मीसुद्धा. गाळात अनवाणी उतरला तो एकटा. परक्याला हा खड्डा दिसतो. विणकराला ती विद्येची जागा दिसते. त्याने घरभर गटार ओतले, पण काकांच्या पायाशी जिथे धोटा धरायला शिकला, तिथे त्याचा हात वळला नाही."

"ईरप्पा?" नागम्मा ओरडली. "मुडद्या, स्वतःच्या मावशीच्या घरात?"

ईरप्पा खड्ड्यातच उभा होता. त्याची कंबर भुईच्या पातळीला आली होती. लिंग त्याने ओंजळीत कपाळाशी धरले होते.

"व्हय. मीच. हातगाडा नेला, गटारावरनं भरून आणला. दोन खेपा. मला वाटलं, एक रात ओट्यावर काढंल, नागम्मा बोंब मारंल, सकाळी सायेब येतील, हुकूम देतील, गाडीतनं नेतील. दोन वेळा भाकरी मिळंल तिला. आमी पाच जणं धरणावर निगालो, अव्वा. तिला काय भिंतीला टेकवून जायचं? धुऊन काढणार व्हतो सगळं, ती गेल्यावर. ती पूजेला बसंल, आनि तवाच हे येतील, हे माज्या ध्यानात आलं न्हाय. तेवडंच ध्यानात आलं न्हाय."

"शरणालयात दाखल करायचे, तर येऊन सांगायचे होतेस," मी म्हणाले. "हे पाप कशाला?"

त्याने मान वर केली. रागाने नव्हे. मला अजून कळले नाही, याचे त्याला नवल वाटले असावे.

"आलो व्हतो की, अव्वा. पंधरा दिस झाले. तुमी पान लावत व्हता. म्हणाला, 'घर घाणीचं आहे का?' मी म्हणालो, 'न्हाय अव्वा, आरशावानी ठेवती.' तुमी म्हणाला, 'मग हुकूम कसला मिळणार? जा.'"



७

सूर्य मावळायच्या आत आम्ही शरणालयात पोहोचलो. फाटकावर काशम्माने ईरप्पाला अडवले. आठ दिवसांचा नियम. मी तिच्याकडे नुसते पाहिले. ती बाजूला झाली.

त्याने लिंग विहिरीच्या पाण्याने धुतले आणि चंद्रव्वाच्या उघड्या तळहातावर ठेवले.

बराच वेळ काही झाले नाही. डॉक्टरांनी नाडी धरली. मग तिची बोटे मिटली. एकेक करून, जशी भुई चाचपत असावीत. डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज नव्हता. काशम्माने खाटेपुढची जागा पुसली, तिला टेकून बसवले, आणि तिने काल मोडलेली पूजा पुढे चालवली. ती पुरी झाल्यावर काशम्माने पेला तिच्या ओठांशी धरला. पहिला घोट खाली उतरला, तेव्हा डॉक्टर भिंतीला टेकले.

वीरभद्रप्पा दारात घुटमळत होते. खोट्या घाणीवर खरा हुकूम निघाला होता. कागदावर कुणाचे तरी नाव यायला हवे होते.

चंद्रव्वाला आवाज फुटला, तो तासाभराने. चिरकलेला, पण हुकमी.

"हितली मोठी बाई कोन?"

"मी. रुद्राणी."

"माज्या घरात घाण कुनी टाकली?"

ईरप्पा खाटेच्या पायाशी उभा होता. मी वीरभद्रप्पांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. पन्नास वर्षांपूर्वी सासूच्या हाताखाली आपली चूक कबूल करायला मी कधी धजावले नव्हते, ती त्या दिवशी केली.

"मी टाकली," मी म्हणाले.

तिने सायीचे डोळे माझ्या दिशेने वळवले. हसली असावी, तिच्या फुटलेल्या ओठांवरून नीट कळले नाही.

"तुमी? तुमी असता तर खड्डाबी भरला असता, अव्वा."

म्हणजे तिला ठाऊक होते. बुधवारी पहाटे, त्या घाणीत हात फिरवता फिरवता तिची बोटे मोकळ्या खड्ड्याच्या कडेला लागली, तेव्हाच तिने ओळखले होते. मला जे उमगायला दिवस मावळावा लागला, ते तिला सूर्य उगवण्याआधीच कळले होते. आणि ते कळूनही ती तिथे पूजेला बसली होती.

"ईरप्पा," ती त्याच्याकडे न वळता म्हणाली. "धरणावर कवा जातोस?"

"सोमवारी, दोड्डव्वा."

"तवर घर धू. सारव. तुज्या बायकूला येत न्हाय, तूच सारव. मग मला हितं आनून सोड. उचलून न्हाय. मी चालत येईन."

वीरभद्रप्पांनी फाइलमधला कागद काढला, त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि तो चार घड्या करून खिशात घातला. कुणाचे नाव त्यांनी विचारले नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता चंद्रव्वा फाटकाशी आली. धुतलेले लुगडे, कपाळावर तीन पट्टे, एक हात भाच्याच्या खांद्यावर. ईरप्पाच्या पाठीवर धरणावर न्यायचे गाठोडे होते आणि नखांत अजून शेण होते. काशम्मा वही घेऊन उभी होती. तिने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अव्वा, हिचा हुकमाचा कागद?"

"तो रद्द झाला," मी म्हणाले. "पाटी उतरव, काशम्मा. आणि आधी फाटक उघड. ती उन्हात उभी आहे."